जुने रेसलर परत पाहायचेत? हॉल ऑफ फेम, निरोपाची मॅच, कमबॅक की पॉडकास्ट

शाळेत असताना अंडरटेकरची घंटा वाजली की अंगावर काटा यायचा. मग कधीतरी रेसलिंग सुटलं. आता पंधरा-वीस वर्षांनी वाटतं, त्या मंडळींचं पुढे काय झालं ते बघावं तरी. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून सविस्तर लिहूनच टाकतो.

उमेद ओसरलेला रेसलर आज चार ठिकाणी भेटतो. हॉल ऑफ फेमच्या मंचावर सूट घालून, निरोपाच्या मॅचमध्ये, उतारवयातल्या कमबॅकमध्ये, नाहीतर माहितीपटात किंवा पॉडकास्टवर जुन्या गोष्टी सांगत. माणूस तोच असतो, पण चारही ठिकाणी त्याची वेगळी बाजू पुढे केलेली असते. कोणती बाजू आधी बघायची, एवढंच ठरवायचंय.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल: जुन्या टेप कुणाकडे आहेत. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई, पुढे नुसतं 'कंपनी' म्हणेन ती हीच) आपली सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, पुढे ईसीडब्ल्यू या तिसऱ्या, छोट्या कंपनीचाही ठेवा तिच्याकडे आला. स्टिंग आणि रिक फ्लेअर यांनी उमेदीच्या काळात जे काही केलं, त्यातलं बरंचसं त्यांनी ज्या कंपनीविरुद्ध झुंज दिली तिच्याच कपाटात आहे. कोणाची मॅच वर काढायची, कोणाची तळाशी ठेवायची, हे कपाटाची किल्ली असणारा ठरवतो.

हॉल ऑफ फेम: भाषणं ऐका, यादी मनावर घेऊ नका

जानेवारी 1993 मध्ये आंद्रे द जायंट गेला आणि त्याच वर्षी कंपनीने हॉल ऑफ फेम सुरू केला. त्या वर्षी त्यात एकटा आंद्रे होता. 1996 नंतर सोहळा बंदच पडला, तो 2004 मध्ये विसाव्या रेसलमेनियाच्या (कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम) निमित्ताने परत सुरू झाला. नाव 'हॉल' असलं तरी प्रत्यक्षात ती रेसलमेनियाच्या आठवड्यातली एक संध्याकाळ आहे. जाहीर मतदान नाही, कंपनी म्हणेल तो आत. सेलिब्रिटींसाठी वेगळी रांग आहे, त्यात 2013 साली डोनाल्ड ट्रम्पसुद्धा आले. शेजारी ठेवून बघायचं तर पत्रकार डेव्ह मेल्टझरच्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर'चा हॉल ऑफ फेम बघा. तो 1996 पासून आहे आणि तिथे आत यायला 60 टक्के मतं लागतात. तिथे सोहळा नाही, अश्रू नाहीत, पण कोण खरोखर मोठा होता यावर कडाक्याचे वाद होतात. यादी हवी असेल तर ती, भाषणं हवी असतील तर कंपनीची.

या हॉलचं स्वरूप मला सर्वांत जास्त कळलं ते अल्टिमेट वॉरियरवरून. 2005 मध्ये कंपनीने त्याच्यावर एक डीव्हीडी काढली. तिच्या नावातच 'सेल्फ-डिस्ट्रक्शन' होतं. जुने सहकारी एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतात आणि हा माणूस किती हेकेखोर, किती कच्चा कामगार होता ते सांगतात. नऊ वर्षांनी, 5 एप्रिल 2014 रोजी, त्याच वॉरियरला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सहा तारखेला तो रेसलमेनियाला दिसला, सात तारखेला 'रॉ' या कंपनीच्या दर आठवड्याच्या टीव्ही कार्यक्रमात रिंगमध्ये उभा राहून बोलला आणि आठ तारखेला गेला. पुढच्याच वर्षीपासून त्याच्या नावाने, धैर्य दाखवणाऱ्या माणसांसाठी, पुरस्कार सुरू झाला. तेच कपाट आणि त्याच टेप. 2005 मध्ये त्यांतून खलनायक शिवला, 2014 मध्ये संत. सात तारखेचं ते भाषण जरूर बघा, घशात आवंढा येतो. पण डीव्हीडी आठवत असेल तर आवंढ्याबरोबर थोडी चिडही येते.

उलट उदाहरण ब्रुनो सामार्टिनोचं. त्याच्या पहिल्याच कारकिर्दीत, 1963 ते 1971, सलग 2,803 दिवस विजेतेपदाचा पट्टा त्याच्याकडे होता. कंपनीची दिशा पटत नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याने या हॉलला नकार दिला. शेवटी 2013 मध्ये तो आला. जागा होती न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जे त्याने अनेकदा भरवून दाखवलं होतं, आणि त्याला आत घ्यायला मंचावर अर्नोल्ड श्वार्झनेगर. मान कोण कोणाला देत होतं, हे त्या रात्री सांगणं अवघड होतं.

याच दाराची दुसरी बाजू म्हणजे विसरणं. ख्रिस बेन्वाने 2004 मध्ये विसाव्या रेसलमेनियाची मुख्य मॅच जिंकली होती. जून 2007 मध्ये त्याने पत्नीचा आणि लहान मुलाचा खून करून आत्महत्या केली, आणि कंपनीने त्याचं नाव घेणंच सोडलं. कारण उघड आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्या काळाचे गौरव-व्हिडिओ बघताना मधेच कुठेतरी एक माणूस गाळलेला आहे, हे ध्यानात असू द्या.

आणि कितीही गौरव केला तरी प्रेक्षक ऐकतीलच असं नाही. 1987 मध्ये पॉन्टियॅकच्या सिल्व्हरडोममध्ये आंद्रेला उचलून आपटणारा हल्क होगन म्हणजे या धंद्याचा सर्वांत मोठा चेहरा. (तेव्हा 93,173 लोक होते असं कंपनी सांगते. हा आकडा फुगवलेला आहे, असं म्हणणारेही कमी नाहीत.) त्याची वर्णद्वेषी वक्तव्यं बाहेर आल्यावर 2015 मध्ये कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले, 2018 मध्ये परत जोडले. जानेवारी 2025 मध्ये रॉ नेटफ्लिक्सवर आलं त्या पहिल्या रात्री तो समोर आला, तर लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी जुलैमध्ये तो गेला.

निरोपाची मॅच: माझं मत इथेच

एकच दार निवडायचं असेल तर हे निवडा. या धंद्यात निकाल आधीच ठरलेले असतात, आणि जुना दंडक आहे की जाताना हरून जायचं, उताणं पडून जायचं. आपल्या नावाचं वजन पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचं आणि निघायचं. भाषणात खोटं बोलता येतं, पण थकलेल्या गुडघ्यांना अर्धा तास खोटं बोलता येत नाही.

अमेरिकेतला नमुना म्हणजे 30 मार्च 2008, ऑर्लँडो, रिक फ्लेअर विरुद्ध शॉन मायकल्स. शेवटची दोन मिनिटं पुन्हापुन्हा बघण्यासारखी आहेत. फ्लेअर रडत उभा आहे, मुठी वर करून 'ये' म्हणतोय. मायकल्स कोपऱ्यात पाय आपटायला तयार आहे, पण पाय उचलवत नाही. ओठांवर शब्द दिसतात: 'आय ॲम सॉरी, आय लव्ह यू'. मग लाथ, मग पिन (खांदे टेकवून तीनपर्यंत मोजणं), आणि मायकल्स झटकन निघून जातो, रिंग म्हाताऱ्यासाठी मोकळी सोडून.

तरी मला विचाराल तर निरोप द्यावा जपान्यांनी. तिथे निवृत्तीचा रीतसर विधी असतो. दिवे मंद होतात, घंटेचे दहा ठोके पडतात, रंगीत कागदी फितींचा पाऊस होतो. अँटोनियो इनोकी 4 एप्रिल 1998 ला टोकियो डोममध्ये निवृत्त झाला तेव्हा मोहम्मद अली हजर होता. हाच अली 1976 मध्ये इनोकीशी लढला होता. जुशिन लायगरने जानेवारी 2020 मध्ये त्याच डोममध्ये लागोपाठ दोन रात्री हरून निरोप घेतला.

पण सगळ्यांत आधी केजी मुतो बघा. 21 फेब्रुवारी 2023, टोकियो डोम. आयुष्यभर मूनसॉल्ट (दोरावरून मागे कोलांटी) मारून मारून गुडघे गेलेले, दोन्ही कृत्रिम. तेत्सुया नाइतोने त्याला हरवलं, विधी म्हणून जे व्हायला हवं ते झालं. लोक उठण्याच्या बेतात असताना मुतोने माईक मागितला आणि एक काम राहिलंय म्हणाला. मासाहिरो चोनो कॉमेंटरीच्या टेबलाशी बसला होता, कित्येक वर्षं रिंगपासून लांब असलेला. मुतोने त्याला वर बोलावलं. चोनो उठला. जुना रेफरी टायगर हत्तोरीही वर आला. दीड-दोन मिनिटांत चोनोने एसटीएफ हा पाय आणि मान जखडणारा डाव लावला आणि मुतोने हात आपटून हार मानली. 5 ऑक्टोबर 1984 रोजी या दोघांनी एकमेकांविरुद्धच पदार्पण केलं होतं. ही माहिती आधी ठाऊक असेल तर ती दोन मिनिटं बघताना डोळे कोरडे राहत नाहीत.

अमेरिकेत अलीकडे यातली थोडी जाण आलीय. 3 मार्च 2024 ला एईडब्ल्यू या नव्या प्रतिस्पर्धी कंपनीने स्टिंगला निरोप दिला तो ग्रीन्सबरोमध्ये, जिथे 1988 साली फ्लेअरशी 45 मिनिटं बरोबरीत लढून त्याचं नाव झालं. त्याचे दोन मुलगे बापाच्या जुन्या रंगरूपात आले. फक्त तो हरला नाही, जिंकून गेला. मला ते खटकलं, बऱ्याच जणांना नाही. जॉन सीनाने मात्र दंडक पाळला: वर्षभर निरोपाचा दौरा केला, 13 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरसमोर आला, आणि छातीवर 'नेव्हर गिव्ह अप' मिरवलेल्या माणसाने टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली. प्रेक्षक संतापले. माझ्या मते तोच त्याचा सर्वांत प्रामाणिक शेवट होता.

कमबॅक: जपून

इथे पैसा बोलतो आणि शरीर मुकाट सोसतं. फ्लेअरच्या त्या सुंदर निरोपानंतर तो दुसऱ्या कंपनीत परत लढायला लागला. पुढे 31 जुलै 2022 ला, वयाच्या 73 व्या वर्षी, पेसमेकर बसवलेला असताना, नॅशव्हिलमध्ये त्याची आणखी एक 'शेवटची मॅच' झाली. मॅचमध्ये आपण बेशुद्ध पडलो होतो, असं नंतर त्यानेच सांगितलं. शॉन मायकल्स 2010 मध्ये निवृत्त झाला आणि आठ वर्षं शब्दाला जागला. नोव्हेंबर 2018 मध्ये रियाधला तोही परतला. त्या मॅचमध्ये त्याचा जोडीदार ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू फाटला आणि समोरच्या केनचा मुखवटा निसटला. पुढच्या जूनमध्ये जेद्दामध्ये अंडरटेकर आणि गोल्डबर्ग. गोल्डबर्गने स्वतःचंच डोकं खांबावर आपटून घेतलं, आणि नंतरच्या जॅकहॅमर या उचलून आपटण्याच्या डावात अंडरटेकरची मान थोडक्यात वाचली. लहानपणचा अंडरटेकर मनात जपायचा असेल तर ही मॅच बघूच नका.

अपवाद दोन. एप्रिल 2022 मध्ये स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन 19 वर्षांनी परत लढला, समोर केव्हिन ओवेन्स होता. नियम नसलेली मारामारी ठरवल्यामुळे वय झाकलं गेलं आणि मजा आली. आणि 2020 ची 'बोनयार्ड' मॅच: कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, म्हणून अंडरटेकर आणि एजे स्टाइल्सची लढत स्मशानात, चित्रपटासारखी चित्रित केली. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, अंडरटेकरने निरोप घेतला.

माहितीपट आणि पॉडकास्ट

सोय सर्वांत जास्त इथे, आणि भेसळही. ही माणसं आयुष्यभर खोटं खरं करून दाखवण्याचे पैसे घेत आली, माईकसमोर बसल्यावर ती सवय जात नाही. कंपनीच्या सहकार्याने बनलेलं काम चकचकीत असतं, जुनी दृश्यं भरपूर मिळतात, पण कंपनीला टोचेल असं थोडंच असतं. स्वतंत्र काम खरखरीत असतं, कधी नुसतं सनसनाटी. तरी बाहेरच्या कॅमेऱ्याची किंमत काय असते ते 9 नोव्हेंबर 1997 च्या मॉन्ट्रियलवरून कळतं. ब्रेट हार्टला न सांगता त्याच्याकडून पट्टा काढून घेतला गेला. नेमका तेव्हा एक स्वतंत्र चमू त्याच्यावर माहितीपट करत होता आणि ब्रेटच्या अंगावर माईक होता. कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमहनशी मॅचआधी झालेलं बोलणं त्यात उतरलं. ते नसतं तर आज आपल्याकडे फक्त दोन म्हाताऱ्यांच्या परस्परविरोधी आठवणी असत्या.

मेक्सिकोने या सगळ्याला वेगळंच उत्तर दिलंय, म्हणून जाता जाता सांगतो. एल सांतोने आयुष्यभर रुपेरी मुखवटा काढला नाही. जानेवारी 1984 मध्ये टीव्हीवर त्याने तो जरासा वर केला आणि 5 फेब्रुवारीला तो गेला. पुरला गेला तो मुखवट्यातच. नाव आणि मुखवटा मुलाने पुढे चालवला.

मग ठरवायचं कसं? एकच संध्याकाळ मोकळी असेल तर फ्लेअर-मायकल्स आणि मुतोची शेवटची दहा मिनिटं. आठवडा असेल तर तुमच्या आवडत्या रेसलरची उमेदीतली एक मॅच आधी, मग त्याचा निरोप, मग हॉल ऑफ फेमचं भाषण, या क्रमाने. उलट क्रमाने गेलात तर भाषणातले विनोद कळणार नाहीत. पॉडकास्ट प्रवासात ऐका, आणि एका घटनेबद्दल किमान दोघांचं ऐका. जेद्दाची मॅच मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी लावू नका.