मोरजीतला रशियन कॅफे आणि मेदोविक

गोव्यात मोरजीला बीचकडे जाणाऱ्या रस्त्याला एक छोटा रशियन कॅफे आहे, तिथला मेदोविक खाऊन बघाच. मधाचा केक, पण आपल्या बेकरीतल्या स्पंजसारखा नाही, मध घालून भाजलेल्या पातळ पातळ चकत्या आणि मधे आंबट क्रीम, रात्रभर मुरल्यावर त्या चकत्या इतक्या मऊ होतात की चमचा सरळ खाली जातो, आणि वर त्याच चकत्यांचा चुरा. कडेला किंचित करपलेल्या मधाची चव येते ती तर भारीच.

मला नावाचं जास्त अप्रूप. प्रोटो-स्लाविक म्हणजे रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषांची पूर्वज भाषा, तिच्यातला ‘मेदु’ म्हणजे मध, त्याचंच रशियनमध्ये म्योद, पोलिशमध्ये म्यूद, चेक आणि बल्गेरियनमध्ये मेद झालं. आणि आपलं संस्कृत मधु त्याचं सख्खं भावंड, कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, दोघांचं मूळ एकच, मराठी मध आणि कोकणी म्होंव त्याच मधुपासून आलेत. अस्वलाला रशियनमध्ये मेद्वेद म्हणतात, मूळ अर्थ मध खाणारा!! ऋग्वेदात ‘मध्वद’ आहे, मध खाणारा याच अर्थाचा, फक्त तिथे तो पक्ष्यांसाठी आलाय. हजारो किलोमीटर लांबच्या दोन भाषांनी तेच दोन तुकडे जोडले, मला हे फार सुंदर वाटतं.

बाकी चहा बरा, कॉफी पाणचट, सर्व्हिस स्लो. संध्याकाळी केक संपतो, दुपारीच जा, आणि पावसाळ्यात बंद असतो.