मोझॅकच्या लादीचं पॉलिश: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या सोसायटीत सध्या दोन घरांतून ब्रेकरचा आवाज येतोय. दोन्हीकडे जुनी मोझॅकची लादी फोडून व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेली गुळगुळीत लादी, घालतायत. जिन्यात भेटेल तो मला विचारतो, "तुमचं पॉलिश टिकलं का हो?" प्रत्येकाला पायरीवर उभं राहून सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगते: टिकलं. लादी धड असेल तर कृपा करून फोडू नका.

घर मुलुंड पूर्वेला, १९७६ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वन बीएचके, कार्पेट सव्वाचारशे फूट. सासऱ्यांनी घेतल्यापासून रंगापलीकडे कशालाच हात लागला नव्हता. वायरिंग, बाथरूम, ओटा, रंग आणि लादी एवढं सगळं चार लाखांत बसवायचं, कर्ज काढायचं नाही, हे आमचं पक्कं होतं. काम २०२५ च्या मार्चमध्ये सुरू केलं.

जे जे कॉन्ट्रॅक्टर घर बघून गेले त्यांचं पहिलं वाक्य एकच. "ताई, ही लादी काढा, घर एकदम उजळेल." बाथरूम सोडून लादी साडेतीनशे फूट. नवी लादी, सिमेंट-रेती, मजुरी, स्कर्टिंग आणि डेब्रिज उतरवणं धरून ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन आलं. पॉलिशचा दर तीस रुपये फूट, म्हणजे साडेदहा हजार. चार लाखांच्या बजेटमध्ये हा फरक म्हणजे अख्ख्या घराचं वायरिंग.

पैशाइतकाच मला वजनाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आमचं झालंय, आणि त्यात इंजिनिअरने स्लॅबवर जादा भार टाकू नका असं स्पष्ट लिहिलंय. तरी एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "जुनी न फोडता वरूनच बसवू, स्वस्तात होईल." हिशेब करून बघा. दीड इंच सिमेंट-रेतीच्या थरावर लादी बसवली तर चौरस मीटरला शंभरेक किलो होतात. साडेतीनशे फूट म्हणजे साडेबत्तीस चौरस मीटर. तीन टनांच्या वर वजन झालं, पन्नास वर्षांच्या स्लॅबवर. अॅडेसिव्हने चिकटवली तर ते पाऊण-एक टनावर येतं हे खरं, पण सगळी दारं खालून कापायची, बाथरूमचा उंबरठा नव्याने करायचा, आणि हे कोटेशनमध्ये कुठेच नसतं. फोडायची म्हटली तर जुन्या लादीसकट खालचा माल साडेचार टन निघतो. तीस किलोची गोणी धरली तर दीडशे गोण्या, तीन मजले, हमालाच्या डोक्यावरून. प्रत्येक गोणीचे पैसे वेगळे.

लादीत दम किती उरलाय ते बघायचं तर एक तुटलेली लादी काढून तिची कड बघा. खाली सिमेंट-रेतीचा जाड थर आणि वर संगमरवराच्या खड्यांचा थर असतो. आमच्याकडे तो वरचा थर अजून चांगला पाच मिलिमीटर होता. घिसाईत, म्हणजे पॉलिशसाठी मशीनने दगड फिरवून लादी घासतात त्यात, जेमतेम एखादा मिलिमीटर जातो. ही लादी इथल्या हवेला चांगली मानवते. १९२२ साली स्वदेशीच्या वातावरणात मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल कंपनी निघाली ती सिमेंटच्या लाद्या इथेच बनाव्यात म्हणून, आणि ती आजही चालू आहे. लोक ज्या लादीचे तुकडे गोण्यांत भरून खाली पाठवतायत, तशी आज नवीन घालायला गेलात तर साध्या व्हिट्रिफाइडपेक्षा महाग पडते.

आमच्या हॉलमध्ये पिवळसर लादी, कडेने तांबडी बॉर्डर. दहा-बारा लाद्या तडकलेल्या होत्या. त्यांची जोड बाजारात मिळणं शक्य नव्हतं, पण तेव्हाच पहिल्या मजल्यावर फोडकाम चाललं होतं आणि सगळ्या इमारतीला लादी एकाच लॉटची आहे. तिथल्या मुकादमाला चहापाण्याचे पैसे दिले, त्याने गोण्यांत भरण्याआधी साबूत लाद्या बाजूला काढून ठेवल्या, अगदी बॉर्डरच्या तांबड्यासुद्धा. बसवल्यावर कुठली जुनी जागेवरची आणि कुठली खालून आणलेली, हे मलाही ओळखता येत नाही. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या गोण्यांवर नजर ठेवावी.

आता घिसाई. वायरिंग आणि नळाचं काम संपल्यावर, पण रंगाचा शेवटचा हात मारायच्या आधी ती करून घ्या, कारण मशीन भिंतीच्या तळाशी वीतभर राडा उडवतं. आधी भोकं आणि सांधे लादीच्या रंगाचं सिमेंट भरून बुजवायचे, ते वाळू द्यायचं. मग ६० नंबरचा दगड, मग १२०, मग ३२०. तिसरा दगड हाच खरा, आणि तोच चुकवला जातो. १२० नंतर लादी ओली असताना इतकी छान दिसते की मालकाला वाटतं झालं. मी लादी सुकू दिली, मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला आणि पॉलिशवाल्याला गोल गोल ओरखडे दाखवले. तो काही न बोलता तिसरा दगड लावायला बसला. शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडची पावडर पाण्यासोबत फिरवतात. गोदरेजच्या कपाटाच्या पायाखाली गंजाचं काळपट-तांबूस कडं होतं, सासूबाईंनी ते घासून घासून सोडून दिलं होतं. पावडर फिरली आणि कडं फिकट होत होत गेलं, आता जागा शोधावी लागते. सासूबाई तिथे वाकून बोट फिरवत राहिल्या. "अगं, इथेच होतं ना गं?" असं मलाच विचारत होत्या.

एक गोष्ट मात्र जातीने उभं राहून करून घ्या. तो राडा म्हणजे सिमेंटच. पोऱ्या सरळ वायपरने नहाणीकडे ढकलतो. पाइपमध्ये बसला की घट्ट होतो आणि खालच्या घरांची लाइन तुंबते. नहाणीवर प्लास्टिक बांधा आणि सगळा राडा बादलीत भरून बाहेर काढायला लावा.

आता चमकेबद्दल, कारण याच बाबतीत माझं मत मधे पूर्ण फिरलं होतं. काम संपल्यावर त्याने मेण चोळून दिलं. लादी आरशासारखी दिसत होती. जो आला त्याला मी फरशीच दाखवत होते. महिनाभर रोजचं पुसणं झालं आणि ती चमक उतरली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी पॉलिशच्या विरोधातच बोलले असते. पॉलिशवाल्याला फोन केला तर तो म्हणे, क्रिस्टल पॉलिश करून घ्या, वीस रुपये फूट जादा. मी साफ नाही म्हटलं. मग पावसाळा गेला, ऑक्टोबरचं तिरकं ऊन हॉलमध्ये यायला लागलं, आणि लक्षात आलं की खडे तसेच लखलखतायत. उतरलं होतं ते फक्त वरचं मेण. फडकं अजून एका हातात सरकतं, पूर्वीसारखं अडकत नाही, धूळ सांध्यांत बसत नाही. म्हणून माझा आजचा सल्ला असा: मेणासाठी आणि क्रिस्टलसाठी एक पैसाही देऊ नका, तेच पैसे तिसऱ्या दगडाचे म्हणून आधीच ठरवून द्या.

पावसाळ्यात मला या लादीची खरी किंमत कळली. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. २०२५ ला तो २६ मे रोजीच येऊन थडकला. त्या दमट आठवड्यांत माझ्या बहिणीकडची व्हिट्रिफाइड लादी घामेजलेली असायची, कारण ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. मोझॅक थोडं ओढून घेते, पायाखाली चिकचिक होत नाही. सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि घरात अनवाणी चालतात. त्यांचा पाय एकदाही सटकला नाही.

याच ओढून घेण्याचा तोटाही आहे. हळदीचं पाणी सांडलं आणि लगेच पुसलं नाही की डाग बसतो. खिडकीजवळचा उन्हाने उडाला, ओट्याखालचा तसाच आहे. लिंबू, चिंच, कोकम सांडलं तर खडा मंद होतो, कारण तो संगमरवर आहे आणि आंबटाने झिजतो. संडास धुवायचं अॅसिड तर या लादीच्या जवळही आणू नका. आमच्या मदतनीस मावशींना मी साबणाचं पाणीच वापरायला सांगितलंय.

वाचलेले पैसे कुठे गेले तेही सांगते. जुनी वायर अॅल्युमिनियमची होती, ती सगळी काढून तांब्याची घातली: दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएम, शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. माल लोहार चाळीतून आणला, स्टेशनजवळच्या दुकानापेक्षा बराच स्वस्त पडला. भिंती फोडायच्या नव्हत्या म्हणून केसिंग-कॅपिंग केलं, म्हणजे वायर भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नेली. दिसतं, पण दोन दिवसांत विसरायला होतं. बाथरूममध्ये जुने गंजके पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) घातले, वॉटरप्रूफिंगनंतर नहाणी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि खालच्या काकूंना छत बघायला सांगितलं. छत कोरडं राहिल्यावरच लादी बसवू दिली. सागवानी कपाट खरवडून चपड्याचं पॉलिश केलं, गोदरेजला डुको मारला, पडदे मंगलदास मार्केटमधून. बस, सजावट एवढीच.

पश्चिमेच्या भिंतीला लोणा होता. तिथे पीव्हीसी पॅनेल मारून झाकू, असं सुचवलं गेलं. मी नको म्हटलं. ओल बाहेरच्या भेगेतून येत होती, आणि बाहेरच्या भिंतीची गळती ही उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी आहे, घराच्या आतल्या संडास-सिंकची गळती ती आपली. सोसायटीने परांची बांधली, तोवर पाऊस आला. भिंत सगळा पावसाळा नुसत्या गिलाव्यावर ठेवली, भेग भरून झाल्यावर नोव्हेंबरमध्ये रंगवली. पाहुण्यांना विचित्र वाटायचं, पण आज ती कोरडी आहे.

या सगळ्यात मला मनस्ताप झाला तो ओट्याखालच्या ट्रॉलीचा. मुख्य ड्रॉवर चौथ्या महिन्यात एका बाजूने खाली बसला. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही वजन जास्त ठेवलंत." ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलवर क्षमता ३५ किलो छापलेली आहे. मी सगळे डबे काढून वजनकाट्यावर ठेवले, एकवीस किलो भरले, फोटो पाठवला. मग उत्तर आलं की गॅरंटी शटरची, चॅनेलची नाही. बिलावर असा काही फरक लिहिलेला नाही. शिवाय सिंकखाली आयएस ७१० ची, म्हणजे पाण्यात टिकणारी मरीन प्लाय ठरली होती, आणि मागच्या बाजूला शिक्का निघाला ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली, तेव्हा माणूस आला, चॅनेल बदलून गेला. प्लायचं अजून भांडतेय आणि सोडणार नाहीये. तुम्ही ट्रॉली करून घेत असाल तर प्लाय कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढा आणि बिलावर चॅनेलची गॅरंटी वेगळी लिहून घ्या.

पॉलिशवाल्याचा दर आता पस्तीस झालाय असं त्याने परवा सांगितलं. मार्चनंतर सगळीकडे कामं निघतात, तेव्हा बोलायचं असेल तर आत्ताच बोला. खालून आणलेल्या लाद्यांपैकी काही माझ्याकडे पलंगाखाली उरल्यात. आमच्या इमारतीत कोणी घिसाई करणार असेल आणि एखादी लादी कमी पडत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त तांबड्या बॉर्डरच्या दोन मी देणार नाही, त्या पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवल्यात.