लांब रजा घेऊन देश हिंडायचा: रेल्वेने, दुचाकीने की पायी नर्मदा परिक्रमा?

चार-सहा महिने कामातून बाहेर पडून आपलाच देश हिंडायचा, एवढं ज्यांचं पक्कं झालंय, त्यांनी सगळ्यात आधी ठरवायचं ते कशाने हिंडायचं हे. बहुतेक जण ठिकाणांच्या यादीपासून सुरुवात करतात. वाहनाचं मग मित्राकडे बुलेट आहे किंवा मावशी परिक्रमा करून आली, एवढ्यावरच ठरतं. मला हा क्रम उलटा वाटतो. ठिकाणं वाटेतही बदलता येतात. पण रोज शेजारी कोण बसणार, रात्री कुठे पाठ टेकणार आणि दिवसातला किती वेळ कसल्या काळजीत जाणार, हे सगळं तुम्ही रेल्वे, दुचाकी आणि पाय यांतलं काय निवडता त्यावर ठरतं. म्हणून इथे तिन्ही शेजारी शेजारी ठेवतो.

रजेचं मात्र आधी सांगून टाकतो, कारण ते तिन्हींना सारखंच लागू आहे. राज्य सरकारी नोकरीत अर्जित रजा साठत जाते, खात्यावर ३०० दिवसांपर्यंत राहते. बरेच जण ती निवृत्तीच्या वेळी रोखीत घ्यायची म्हणून ठेवतात. त्यातली थोडी आत्ता वापरायला काय हरकत आहे? खासगी कंपनीत आधी बिनपगारी रजा मागून पाहा, राजीनामा शेवटी. नोकरी सुटली की कंपनीचा गट आरोग्य विमाही जातो, आणि नेमके त्याच काळात तुम्ही घरापासून लांब असता. स्वतःची पॉलिसी निघायच्या आधीच घ्या, तीही महिनाभर आधी, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारपण धरत नाहीत. घराचा हप्ता चालू असेल तर जितके महिने बाहेर तितके हप्ते वेगळ्या खात्यात ठेवून मगच निघा.

रेल्वे

रेल्वे स्वस्त आहेच, पण मी तिच्या बाजूने आहे ते ती माणसांत नेऊन बसवते म्हणून. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस घ्या. सुमारे ४,२०० किलोमीटर, तीन दिवसांहून जास्त प्रवास. स्लीपरच्या डब्यात आसामची, उत्तर बंगालची तरुण मुलं केरळात कामाला निघालेली असतात. कुणी पहिल्यांदा जातोय, कुणी बहिणीचं लग्न उरकून परत निघालाय. मालदाच्या आसपास झालमुडीवाला डब्यात चढतो, विजयवाड्यापर्यंत इडली-वडा आलेला असतो आणि पालक्काडला चहासोबत पळमपोरी म्हणजे पिकल्या केळ्याची भजी मिळते. या देशात कामासाठी कोण कुठून कुठे जातं, हे इतकं जवळून दुसरीकडे कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही. वातानुकूलित डब्यात पडदे लावून गेलात तर यातलं अर्धं हुकतं. निदान काही टप्पे तरी साध्या स्लीपरने करा.

आता व्यवहाराचं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. लांबच्या भटकंतीला हे सोयीचंच आहे, कारण सहा महिन्यांची तिकिटं आधी काढून ठेवली की भटकंतीची सहल होते. पण छठपूजा, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीत उत्तर भारताकडे जाणाऱ्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, आणि प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. त्या आठवड्यांत एकाच गावात मुक्काम ठोकावा.

फार कमी लोकांना ठाऊक असलेली एक सोय म्हणजे चक्राकार प्रवासाचं तिकीट. निघण्याचं आणि पोचण्याचं स्थानक एकच, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. भाडं एकूण अंतरावर लागतं, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरचा दर उतरत असल्याने तुकड्यातुकड्याच्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं. मुंबईहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम, कन्याकुमारी, मदुराई, चेन्नई, भुवनेश्वर, हावडा, वाराणसी करून परत मुंबई, असं वर्तुळ सहज बसतं. त्यासाठी मार्ग लिहून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. एक-दोन खेटे पडतात, पण खेटे घालण्यासारखी सोय आहे.

राहण्याचा प्रश्न रेल्वेवाल्यांना सर्वांत कमी छळतो. मोठ्या स्थानकांवर विश्रामकक्ष आणि डॉरमिटरी असतात, तिकिटाच्या पीएनआरवर त्या मिळतात. सामान क्लोकरूममध्ये टाकून दिवसभर मोकळं फिरता येतं, फक्त पिशवीला कुलूप हवं. तीर्थाच्या गावी धर्मशाळा आणि गुरुद्वारे आहेत.

रेल्वेची मर्यादा डोंगरात कळते. लडाख, स्पिती, सिक्कीम, अरुणाचलचा बराचसा भाग बस आणि शेअर जीपवरच आहे. तरी जून २०२५ मध्ये चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंच पुलावरून कटरा ते श्रीनगर गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मिझोराममधल्या ऐजॉलजवळच्या सैरांगपर्यंत रूळ पोचले. म्हणजे जिथे पूर्वी रेल्वेने जाता येत नव्हतं अशा दोन टोकांना आता जाता येतं. मिझोराम, नागालँड, अरुणाचल आणि मणिपूर इथे आपल्याच नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागतं. ते आधी काढून ठेवा.

दुचाकी

दुचाकीचं आकर्षण मला पुरतं समजतं. मनात आलं तिथे थांबायचं, फाटा दिसला की वळायचं. मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा किंवा तांगलांग खिंडीत इंजीन बंद केल्यावर जी शांतता कानावर येते ती बसच्या खिडकीतून मिळत नाही. पण दुचाकी रोज तुमच्याकडून वेळ वसूल करते. साधारण दर ५०० किलोमीटरला चेन पुसून तेल द्यायचं, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची जादा केबल जवळ ठेवायची, पंक्चर स्वतःला काढता आलं पाहिजे, आणि संध्याकाळी मुक्काम शोधताना आधी गाडीला सुरक्षित जागा, मग आपल्याला. ज्यांना यात रस आहे त्यांचा तो वेळ सुखाचा जातो. ज्यांना नाही, त्यांची महिनाभरात भटकंती राहते बाजूला आणि गाडीचीच काळजी उरते.

पैशाचा हिशेब सोपा आहे. लिटरला ३५ किलोमीटर धरले तर १०,००० किलोमीटरला २८५ लिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने तीस हजारांच्या आगेमागे. त्यात सर्व्हिसिंग, टायर आणि वाटेतल्या दुरुस्त्या मिळवा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद आहेत. मनालीहून लेहला जाताना टांडी गावी टाकी काठोकाठ भरून घ्या, पुढे लेहच्या बाजूला शेकडो किलोमीटर पंपाचा भरवसा नसतो. आणि जम्मू-काश्मीर, लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं.

माझं स्पष्ट मत असं, की अख्खा देश दुचाकीने पालथा घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातून चंदीगडपर्यंतचा महामार्ग म्हणजे दिवसच्या दिवस ट्रकच्या मागे धूळ खात जाणं. त्यापेक्षा गाडी रेल्वेने पाठवा. पार्सल ऑफिसात आरसीची प्रत आणि ओळखपत्र द्यायचं, टाकी पूर्ण रिकामी करायची. मोठ्या स्थानकाबाहेर पॅकिंगवाले बसलेले असतात. ते आरसे सोडवून हातात देतात, टाकीवर पुठ्ठा आणि पेंढा लावून वरून गोणपाट गुंडाळतात, सुतळीने आवळतात आणि कुठून कुठे हे पाटीवर ठळक लिहितात. ती पाटी दोन ठिकाणी लावून घ्या. स्वतः त्याच रेल्वेने जात असाल तर दुचाकी लगेज म्हणून नोंदवा, म्हणजे ती तुमच्याबरोबर पोचण्याची शक्यता जास्त. तिथून पुढे फक्त हिमाचल-लडाख, किंवा गुवाहाटीहून मेघालय-अरुणाचल. दुचाकीचं सोनं होतं ते अशाच एका प्रदेशात. भाड्याने घ्यायची असेल तर लेहमध्येच घ्या, कारण बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना तिथल्या व्यावसायिकांची हरकत असते.

पायी नर्मदा

तिसरा पर्याय अख्खा देश दाखवत नाही. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात, एवढंच. तरीही तो इथे घेतलाय, कारण मराठी माणूस लांब रजेचा विचार करू लागला की कधी ना कधी परिक्रमेचं नाव निघतंच, आणि ते उगाच निघत नाही.

नदी १,३१२ किलोमीटरची, म्हणजे दोन्ही काठ मिळून २,६०० हून जास्त. धरणांच्या फुगवट्याला वळसे घालत चालणं ३,००० किलोमीटरच्या पुढे जातं. परंपरेने तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांची, पण आज बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत करतात. कार्तिकी एकादशीनंतर निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, नर्मदेचं जल कुपीत जवळ बाळगायचं. ओंकारेश्वरहून निघालात तर दक्षिण काठाने पश्चिमेला जाता. बडवानीनंतर शूलपाणीची झाडी लागते, मग नंदुरबारचा सातपुडा. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. त्या भागातली पावरा आणि भिल्ल कुटुंबं वरच्या डोंगरात सरकलेली तुम्हाला दिसतील. धरणाबद्दल वर्षानुवर्षं वाचलेलं असतं, पण ज्यांचं शेत पाण्याखाली गेलं त्यांच्याच ओट्यावर बसून चहा घेताना ते वाचन वेगळं वाटू लागतं. पुढे विमलेश्वरहून नावेने खाडी ओलांडून मिठीतलाईला उत्तर काठावर उतरायचं. नाव भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, त्यामुळे रात्री-अपरात्री उठावं लागतं.

संध्याकाळी आश्रमात पोचलात की विचारतात, ‘कितनी मूर्ति?’ माणसांची मोजणी तिथे मूर्तींत होते. मग आसन लावायला जागा दाखवतात. कुठे तयार भोजनप्रसादी, कुठे सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ, दोन बटाटे. चूल पेटवून जाड टिक्कड भाजायचे ते तुम्हीच.

इथेच या वाटेचा खरा कस आहे. पायाला फोड येतात, त्यांची दहा-पंधरा दिवसांत सवय होते. बूट एक माप मोठे आणि पाठीवर सहा-सात किलोच ओझं, एवढं सांभाळलं तर शरीर साथ देतं. पण आपण पैसे देऊन घेणारी माणसं आहोत. ज्याच्या घरात दोन भांडी आहेत तो हात धरून बसवतो आणि त्यातल्या एका भांड्यातला चहा पुढे करतो, तेव्हा ओशाळं होऊन खिशात हात घालणं सोपं असतं. तो पैसे नाकारतो, आणि तुम्ही ते नाकारणं मान्य करायचं असतं. श्रद्धा असलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही, अशी माणसंही नीट चालून आलेली आहेत. मात्र नियम मोडत, सोयीपुरती नदी ओलांडत जाणार असाल तर या लोकांच्या अन्नावर आपला हक्क नाही. तसंच करायचं असेल तर काठाकाठाने साधी पदयात्रा करा, खर्च स्वतःचा करा.

झेपेल की नाही अशी शंका असेल तर चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाड्याजवळ होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा करून पाहा. एका दिवसाची आहे.

मग निवड कशी करायची

पैशाने पाहिलं तर परिक्रमा सगळ्यात स्वस्त, रेल्वे मधली, दुचाकी महाग. रेल्वेच्या भटकंतीला स्लीपर, डॉरमिटरी आणि साधं जेवण धरून दिवसाला हजार-बाराशे रुपये धरून चाला, महानगरांत जास्त. पण फक्त स्वस्त पडते म्हणून कुणी परिक्रमेला जाऊ नये.

एकट्या बाईने काय करावं, हे मला नेहमी विचारलं जातं. रेल्वे, नि:शंकपणे. डब्यात माणसं असतात, १३९ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि पहाटे अनोळखी गावी पोचणाऱ्या गाड्या टाळल्या की निम्मी चिंता मिटते. परिक्रमेत बायका मोठ्या संख्येने असतात, पण झाडीसारख्या टप्प्यांत चार-पाच जणांच्या सोबतीने चालतात, आणि पुरुषांनीही तसंच करावं. दुचाकीवर रात्रीचा प्रवास कुणीच करू नये.

पहिल्यांदाच निघत असाल, तीन-चार महिने हातात असतील आणि नेमकं काय हवंय हे अजून उमगलेलं नसेल, तर रेल्वेने जा. फक्त आठ-दहा शहरांना शिवून येऊ नका. एका ठिकाणी तीन आठवडे तरी राहा, मग ते माजुली असो की मदुराई. भाजीवाला ओळखायला लागेपर्यंत गाव कळत नाही. गाडीची दुरुस्ती आनंदाने करणाऱ्यांनी याच प्रवासात एक महिना दुचाकीचा ठेवावा. आणि अख्खा हिवाळा मोकळा असेल, मागे घर सांभाळणारं कुणी असेल आणि लोकांनी दिलेलं घेण्याची तयारी असेल, तर परिक्रमेसारखं दुसरं काही नाही. तिच्यात दुसरं काही मिसळू नका.

बाकी पंचांग आणि हवामान ठरवतं. दिवाळीनंतर रजा सुरू होत असेल तर तिन्ही मोकळे आहेत, दुचाकी मात्र दक्षिणेकडे किंवा ईशान्येकडे वळवा. जानेवारीत निघणाऱ्याने परिक्रमा पुढच्या कार्तिकावर टाकावी, नाहीतर शेवटचे महिने निमाडच्या उन्हात जातात. एप्रिलमध्ये रजा मिळाली तर कुमाऊँ आणि हिमाचलात बसने हिंडा, जूनमध्ये मनाली-लेह रस्ता मोकळा झाला की दुचाकी घ्या, आणि पावसाळा लागल्यावर कोकण रेल्वेने खाली केरळपर्यंत उतरा. रजेचा अर्ज निघायच्या तीन महिने आधी द्या, म्हणजे नाही म्हणायलाही साहेबांना वेळ मिळतो आणि तुम्हाला दुसरी तारीख मागायलाही.