योमितान + अंकी: एनटूनंतरच्या जपानी शब्दांसाठी फुकटातली बेस्ट जोडी

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एनटू पातळी सुटली म्हणून जरा कॉलर ताठ करावी आणि जपानी पेपरातला अग्रलेख उघडावा, तर दर दुसऱ्या ओळीला अडखळायला होतं. पुढच्या, सगळ्यात वरच्या पातळीच्या म्हणजे एनवनच्या शब्दांची अधिकृत यादीच नाहीये, २०१० ला परीक्षा बदलली तेव्हापासून छापतच नाहीत, त्यामुळे नेटवर फिरणारे रेडीमेड डेक (शब्दकार्डांचे संच) लोकांनी आपापल्या अंदाजाने बनवलेत. मला ते अजिबात पटत नाहीत.

योमितान हे ब्राउझरचं एक्स्टेंशन आहे, योमिचान २०२३ ला थांबलं त्याचा पुढचा अवतार. शिफ्ट दाबून शब्दावर माउस न्या, छोट्या खिडकीत वाचन, अर्थ सगळं हजर, आणि क्रियापद कसंही फिरवलेलं असू दे, मूळ रूप शोधून देतं. तिथलंच अधिकचं बटण दाबलं की अख्ख्या वाक्यासकट कार्ड अंकीत, म्हणजे शब्दकार्डांची उजळणी करून घेणाऱ्या अॅपमधे, जाऊन पडतं. मला तरी हे वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एइक्योओ म्हणजे परिणाम हे कोणालाही येतं हो, पण लेखात तो ओयोबोसु (घडवणे) या क्रियापदाबरोबर येतो, गोकाइ (गैरसमज) मानेकुबरोबर (ओढवून घेणे), आणि या जोड्या सुट्या घोकून बसत नाहीत. कोओशोओ तर वाटाघाटीही, तोंडी चालत आलेलं तेही आणि उच्च अभिरुचीचं तेही, कांजी (चिनी लिपीतली अक्षरं) आणि वाक्य समोर नसेल तर बसा डोकं धरून.

सेटअप मात्र वैताग आहे. डिक्शनरी वेगळी टाका, अंकीत अंकीकनेक्ट अॅड-ऑन टाका, कार्डाचे रकाने जुळवा, वर अंकी मागे उघडं ठेवा नाहीतर कार्ड जातच नाही. एक संध्याकाळ जाणार हे धरूनच बसा. अंकीतलं एफएसआरएस पण ऑप्शन्समधे जाऊन चालू करा, उजळणी कधी द्यायची ते तुमच्या विसरण्याच्या हिशोबाने ठरवतं. नवीन कार्डं रोजची २० असतात ती १० वर आणा, रिव्ह्यू साचले की माणूस अॅपच उघडेनासा होतो.

आणि आओझोरा बुन्को या जपानी साइटवर कॉपीराइट संपलेलं साहित्य फुकट आहे म्हणून तिथून शब्द उपसत बसू नका, वाचायला मस्त आहे पण परीक्षेसाठी त्यातले बरेच शब्द फार जुने. डिसेंबरची एनवन द्यायची असेल तर अग्रलेख आणि समीक्षा वाचा.

कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर दोन्ही फुकट (अँड्रॉइडला योमितान फायरफॉक्समधे टाका), आयफोनवर अंकीचे २४.९९ डॉलर, एकदाच. पैसे द्यायचे नसतील तर सफारीत अंकीवेब उघडून रिव्ह्यू करा, चालतंय.