जुने देव घरून नेणारी पिकअप सर्व्हिस, बडोदा : पाचपैकी सव्वातीन

दिवाळीनंतर मांजलपूरला रिसेलचा टू बीएचके घेतला, तिसरा मजला, लिफ्ट नाही पण हवा मस्त. आधीचे मालक गुजराती, वयस्कर नवरा-बायको, मुलाकडे आणंदला गेले. जाताना पंखे काढून नेले, ट्यूबलाइटा नेल्या, बाथरूममधला टॉवेलचा दांडा पण नेला, देव मात्र ठेवून गेले. देव आणि देवाच्या आसपासचं सगळंच. किचनच्या ओट्यावर मगरीवर बसलेली खोडियार माता, हॉलमध्ये श्रीनाथजी, सात पांढऱ्या घोड्यांचं पोस्टर, शोकेसमध्ये तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आणि शेजारी लाफिंग बुद्धा, बेडरूमच्या चारही कोपऱ्यांत डबल टेपने चिकटवलेले वास्तूचे प्लास्टिकचे पिरॅमिड, तीन गणपती, चौकटीवर घोड्याची नाल, दाराच्या वर आतून लाल कापडात बांधलेला नारळ, आणि बाल्कनीत एक संगमरवरी देव्हारा जो दोन माणसांना हलत नाही.

फोन केला की काका तुमचे देव राहिलेत, तर मागून काकीच बोलल्या, "ए तो घरना छे, घरमां ज रहेवा दो." झालं! आमचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण अजून खोक्यात आणि घरात आधीच हाउसफुल.

सासूबाई दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेल्या, त्या म्हणाल्या खोडियारला विश्वामित्री नदीत सोड, तिथे मगरी आहेतच, तिला माहेरी गेल्यासारखं वाटेल. नवरा म्हणे पिंपळाखाली ठेवून येऊ. ते मला अजिबात पटत नाही, कुठल्याही पिंपळाखाली बघा, फुटलेल्या काचा आणि पावसाने फुगलेले लक्ष्मीचे चेहरे. म्हणून ही सर्व्हिस बोलावली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि आलेला मुलगा खरंच चांगला होता.

रेट किलोवर. 60 रुपये किलो, कमीत कमी 500. अकराला येतो सांगून सव्वाला आला, हातात रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा. तो काटा बघून सासूबाई आत निघून गेल्या. पण पोरगा प्रत्येक वस्तू उचलून आधी कपाळाला लावायचा, मगच पिशवीत. बेडूकसुद्धा कपाळाला लावला. मला हसू येत होतं आणि आवडतही होतं. एकूण 14 किलो, 840 रुपये, त्यातलं निम्मं वजन फ्रेमच्या काचांचं असणार, माझ्या मते फोटो आणि काच वेगळं मोजायला हवं.

काम मात्र त्याला येत होतं. गणपती उलटे करून बुडाशी नखाने खरवडून बघितले, एक मातीचा निघाला, दोन पीओपीचे. माती पाण्यात जाईल, पीओपी विरघळतच नाही, ते वेगळ्या पिशवीत. (पीओपीच्या मूर्ती नकोत असं केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय, तरी दरवर्षी नवलखीच्या कृत्रिम तलावात काय काय येतं ते आपण बघतोच.) फ्रेमचं लाकूड वेगळं, काच भंगारात, कागद लगद्याला, असं म्हणाला.

मग नारळ. तो इतका सुकलेला की आत खुळखुळा वाजत होता. कापड सोडलं तर आत सुपारी, काळे पडलेले तांदूळ, एक रुपयाचं नाणं आणि चार आणे. चार आणे! 2011 च्या जूनअखेर सरकारने चलनातून काढले, म्हणजे हा नारळ त्याच्याही आधीपासून तिथे लटकलेला. सव्वा रुपया पूर्ण बांधला होता. नारळ त्याने घेतला, नाणी माझ्या हातावर ठेवली, "बेन, पैसा अमे नथी लेता." सासूबाई तेवढ्यासाठी बाहेर आल्या, नाणी चिंचेने घासून आमच्या देवात ठेवली, विचारलं पण नाही मला.

आता तक्रारी. विसर्जनाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू म्हणाले होते, आला चार दिवसांनी, त्यात एक भला मोठा शंकर आणि कुणाचे तरी साईबाबा, आमच्यातलं काहीच नाही. फोन केला तर, "बेन, बधा साथे ज जाय", म्हणजे सगळे एकत्रच जातात. असेलही, पण मग फोटोचं सांगू नका ना. खिळ्याने ठोकलेलं काही ते काढत नाहीत, हेही आधी कळायला हवं. त्यामुळे नाल तिथेच आहे. दारावर ऑइल पेंटने काढलेलं श्री १। पण आहे, गुजराती व्यापारी दिवाळीला नव्या चोपड्यावर लिहितात तेच, एकाच्या पुढची उभी रेघ म्हणजे पाव, म्हणजे सव्वा. पेंटरला म्हटलं यावर हात मार, तर तो ब्रश खाली ठेवून म्हणाला हे तुम्ही पुसा, मी नाही. नवऱ्याने पुसलं नाही, मीही नाही. दार तेवढं जुन्या रंगाचं राहिलंय.

आणि संगमरवरी देव्हारा ते नेत नाहीत म्हणजे नाहीतच, कितीही पैसे दिले तरी. चांगला आहे, एका खांबाचा टवका उडालाय बस. कुणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा, फक्त चार माणसं आणा, लिफ्ट नाहीये.