पूर्वजांची कबर शोधून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, एका माणसाने अडीच हजार डॉलरना फसवलं. पैसे तर गेलेच, पण त्याने ज्या गोष्टीचा बाजार मांडला त्याची चीड माझ्या मनातून जात नाही. त्याने तिला एका चौदा वर्षांच्या मुलाची कबर विकली, आणि ती कबर त्या मुलाची नव्हतीच. कॅनडात आता आपल्या अनेक मराठी मुलामुलींची लग्नं इथल्या जुन्या इंग्रज घराण्यांत होतात. सासरची, नवऱ्याकडची वंशावळ शोधण्याची हौस आपल्यालाही लागते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या आत्याबाईंची आजी लंडनच्या ईस्ट एंडमधली. १९०६ साली, दहा वर्षांची असताना तिला बार्नार्डो या गरीब मुलांना सांभाळणाऱ्या ब्रिटिश संस्थेने बोटीत बसवून कॅनडाला पाठवलं. तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ काही महिन्यांनी दुसऱ्या बोटीने आला. अशा मुलांना इथे 'होम चिल्ड्रन' म्हणतात. १८६९ पासून १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटनमधून एक लाखाहून जास्त मुलं अशी कॅनडात आणली गेली. सगळीच अनाथ नव्हती. कित्येकांची आई जिवंत होती, फक्त पोटाला घालायची ऐपत नव्हती. मुली पीटरबरोच्या हेझलब्रे नावाच्या घरात उतरायच्या, मुलगे टोरांटोत. तिथून शेतकऱ्यांच्या घरी कामाला. भावंडांना एकत्र ठेवायची पद्धत नव्हती. मोठ्यांना शेतावर राबायला नेत आणि लहानांना पैसे देऊन कुणाच्या तरी घरी ठेवत. चौदा वर्षांखालच्या मुलांना एकटं पाठवू नये, हे ठरायला १९२४ साली ब्रिटिश राजकारणी मार्गारेट बाँडफील्ड यांच्या समितीचा अहवाल यावा लागला.

आजीला भाऊ पुन्हा भेटला नाही. हिवाळ्यात तो ऑन्टारिओ प्रांतातल्या ग्रे काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एका शेतावर वारला, एवढं एका पत्रातून कळलं. कुठे पुरला, ते कुणी कळवलं नाही. तिने आयुष्यभर विचारलं. मग तिच्या मुलाने विचारलं. आता त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई विचारत होत्या. माझ्या माहेरच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत ओळीने लिहिलेली आहेत. वडिलांनी मला लहानपणी दाखवली होती. या घरात एका मुलाचं नाव कुठेच नव्हतं, याचं मला फार वाटायचं.

१ ऑक्टोबर २०१७ ला टोरांटोच्या पार्क लॉन दफनभूमीत एक स्मारक उभं राहिलं. तिथे कबरीवर नावाचा दगड नसलेल्या जमिनीत ७५ होम चिल्ड्रन पुरलेली आहेत, आणि आता त्यांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. आत्याबाई त्या समारंभाला गेल्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "आपल्या मुलालाही दगड मिळालाच पाहिजे." तेव्हापासून त्यांनी वंशावळीच्या प्रत्येक संकेतस्थळावर, प्रत्येक ग्रुपवर त्याची माहिती लिहून ठेवली. नाव, जन्मसाल, बोटीचं वर्ष, काउंटी, इतकंच काय, शेतकऱ्याचं आडनावसुद्धा.

त्या भामट्याने तिथूनच माहिती उचलली. मेसेज आला तो मोठा अदबीचा. आपण व्यावसायिक वंशावळ संशोधक आहोत, खास करून इंग्लंडहून आलेल्यांच्या दफनाच्या नोंदी शोधतो, आपली पणजीही होम चाइल्ड होती. मग तो म्हणाला, "तुमचा मुलगा बहुतेक ग्रे काउंटीत असावा. शेतावर गेला असावा. बहीण पीटरबरोला उतरली असेल." आत्याबाईंना वाटलं, याला किती माहीत आहे! त्याने सांगितलेली एकही गोष्ट नवी नव्हती. सगळं त्यांनीच लिहिलेलं होतं, फक्त आठवड्याभराने आणि गोड शब्दांत परत आलं. कुणी अनोळखी माणूस तुमच्या पूर्वजाबद्दल बोलू लागला, तर तुम्ही उघडपणे कधीच न लिहिलेलं असं तो काय सांगतो, तेवढंच पाहा.

आधी दीडशे डॉलर मागितले, 'प्राथमिक शोधा'साठी. आठ दिवसांत निरोप आला, सापडलं. सोबत दफनाच्या नोंदवहीच्या पानाचं चित्र होतं. पानाची किंमत सहाशे. तेही दिले. मग आला खरा घास. त्याने एका हिरवळीचा फोटो पाठवला, मध्ये मॅपलचं झाड, आणि लाल बाणाने दाखवलेली जागा. इथे तो मुलगा आहे, वर दगड नाही. दगड बसवायचा तर जागेचा हक्क आधी नावावर करून घ्यावा लागतो, दफनभूमीच्या देखभाल निधीत पैसे भरावे लागतात, मी सगळं करून देतो, साडेसतराशे पाठवा. आणि लवकर, कारण ही जागा लवकरच दुसऱ्या कुटुंबाला जाणार आहे.

थापेत खऱ्याचा अंश किती असतो बघा. ऑन्टारिओत देखभाल निधी खरोखर असतो, दगड बसवताना त्यात रक्कम भरावीही लागते. दफनाचा हक्क ही गोष्टही कायद्यात आहे. पण हे पैसे घेण्याचा अधिकार परवानाधारक दफनभूमीचा. ती आपल्या नावाने करार आणि पावती देते. संशोधकाच्या खात्यात हे पैसे जायचं काही कारणच नाही. आणि जुन्या कबरीत माणूस असताना ती जागा कुणी घाईघाईने दुसऱ्याला विकत नाही. आत्याबाईंनी ई-ट्रान्सफरने पैसे पाठवले. त्यानंतर आठवडाभर दगडाचा मजकूर काय असावा यावर गोड चर्चा झाली आणि मग मेसेजना उत्तरं येणं बंद झालं.

ते पान त्यांनी मला पाहायला दिलं तेव्हा त्यांना अजून आशा होती, माणूस आजारी पडला असेल म्हणून. मी ते लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी, कडा जळक्या. दफनभूमीच्या कार्यालयात कपाटात ठेवलेल्या वहीच्या कडा कशाला जळतील? अक्षर तिरपं, सुंदर, जुन्या वळणाचं. पण पानावर जितक्या वेळा इंग्रजी 'जी' आला होता, तितक्या वेळा त्याची शेपटी अगदी तीच, तेवढीच, त्याच जागी वळलेली. हाताने लिहिणाऱ्याची दोन अक्षरं कधी इतकी सारखी येत नाहीत. शाईही आखलेल्या रेघांच्या वर तरंगत होती, कुठे फुटलेली नाही, पसरलेली नाही. नोंदीला क्रमांक नव्हता. दफनभूमीचं नावही नव्हतं, नुसतं 'टाउनशिप सिमेट्री', म्हणजे 'गावची दफनभूमी'.

मग मजकूर वाचला. दफनाची तारीख मार्च १९११. धर्मपंथाच्या रकान्यात 'युनायटेड चर्च'. कॅनडातलं युनायटेड चर्च १० जून १९२५ ला स्थापन झालं. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन त्यात एकत्र आले. त्याआधी चौदा वर्षं ते नाव कुठल्या वहीत येणार? दुसरी गोष्ट त्याहून सोपी. कॅनडाची १९११ ची जनगणना त्या वर्षी जूनमध्ये झाली. तिची पानं राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांखाली शेवटच्या ओळीत आमचा मुलगा आहे. वय १२, जन्म इंग्लंड, आगमन १९०६. मार्चमध्ये पुरलेला मुलगा जूनमध्ये मोजला गेला होता.

आत्याबाईंना हे सांगणं फार जड गेलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "म्हणजे तो तिथे नाही." त्या फोटोतल्या जागेवर न्यायला त्यांनी फुलांचे कंद आणून ठेवले होते.

त्यानंतर आम्ही खरा शोध घेतला, आणि तो कसा लागला हे मुद्दाम सांगते, कारण त्यातलं जवळजवळ काहीही विकत घ्यावं लागलं नाही. ऑन्टारिओत मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून आहे. जुन्या नोंदी प्रांतिक अभिलेखागाराकडे असतात आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात. त्याचं आडनाव 'एच' अक्षराने सुरू होतं, त्या नावाने काहीच मिळत नव्हतं. ईस्ट एंडच्या बोलण्यात सुरुवातीचा तो 'ह' गिळला जातो. मुलाने आपलं नाव जसं सांगितलं असेल, तसं शेतकऱ्याने ऐकलं आणि कारकुनाकडे लिहून दिलं. 'ह' काढून शोधल्यावर तो समोर आला. जानेवारी १९१३, न्यूमोनिया, वय १४.

दफन कुठे, याचं उत्तर काउंटीतल्या वंशावळ मंडळाच्या एका स्वयंसेवक बाईंनी दिलं. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी पाहत होतो. त्या म्हणाल्या, एप्रिल पाहा. इथल्या थंडीत जमीन दगडासारखी गोठते. फावडं चालत नसे, म्हणून मृतदेह दफनभूमीतल्या शवगृहात वसंतापर्यंत ठेवत. टोरांटोच्या उत्तरेला यंग स्ट्रीटच्या पट्ट्यातल्या गावांत अशी अष्टकोनी शवगृहं अजून उभी आहेत. एप्रिल १९१३ च्या वहीत तो होता. चुकलेलं आडनाव आणि पुढे 'होम बॉय'. जागेचा क्रमांक नाही. त्या बाईंनी पानाचा फोटो पाठवला, दफनभूमीच्या व्यवस्थापकाचा पत्ता दिला आणि एक पैसाही घेतला नाही. मी फार विनवलं तेव्हा मंडळाला वीस डॉलरची देणगी घेतली.

खरे संशोधकही असतात आणि ते पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. पण ते तासाचा दर सांगतात, काहीही सापडणार नाही अशी शक्यता आधीच बोलून दाखवतात आणि दिलेल्या प्रत्येक कागदाखाली तो कुठल्या वहीतून, कुठल्या पानावरून, कुठल्या नोंद क्रमांकाने घेतला ते लिहितात. तो क्रमांक घेऊन तुम्हाला स्वतः मूळ पान पाहता आलं पाहिजे. दफनभूमीलाही आपली सार्वजनिक नोंदवही लोकांना पाहू द्यावी लागते, तेव्हा तिथे थेट फोन करायला कचरू नका. कबरीचा फोटो हवा असेल, तर फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या संकेतस्थळावर विनंती टाकली की जवळपासचे स्वयंसेवक फुकट काढून देतात. इंग्लंडमधला जन्माचा दाखला १८३७ नंतरचा असेल, तर तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसमधून थेट मिळतो, सध्या साडेबारा पौंडांत. तोच दाखला तिप्पट-चौपट भावाने विकणारेही भेटतील. बार्नार्डोच्या मुलांची फाइल हवी असेल, तर संस्था स्वतः शुल्क घेऊन देते. वेळ लागतो, पण त्यात संस्थेत आल्या दिवशी काढलेला मुलाचा फोटो असू शकतो. मधल्या दलालाची गरज नाही. टोरांटोच्या नेक्रोपोलिस, माउंट प्लेझंट, प्रॉस्पेक्ट या मोठ्या दफनभूमींच्या जुन्या वह्यासुद्धा फॅमिलीसर्चवर आहेत.

पैशांचं म्हणाल तर ई-ट्रान्सफर एकदा समोरच्याने जमा करून घेतलं की बँक हात वर करते. कार्डाने दिले असते, तर निदान तक्रार करून वाद घालता आला असता. आम्ही पोलिसांत आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार दिली आहे. तक्रार देऊन काय होणार म्हणून गप्प बसू नका. असे गुन्हे करणारे एकाच वेळी पाच-पन्नास घरांत गळ टाकून बसलेले असतात आणि तक्रारी एकत्र आल्याशिवाय ते दिसत नाहीत.

आणखी एक नुकसान आहे, ज्याचा विचार फसलेली माणसं सहसा करत नाहीत. ते खोटं पान आत्याबाईंनी आनंदाच्या भरात आपल्या ऑनलाइन वंशवृक्षाला जोडलं होतं. आम्ही ते काढलं, पण तोवर आमच्या ओळखीच्या नसलेल्या लोकांच्या वंशवृक्षांतही 'मार्च १९११' उतरलं होतं. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर गुस्ताव्ह आंजू नावाचा एक माणूस श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी बनवून विकायचा. तो १९४२ साली वारला, पण त्याची बनावट नावं आजही लोक खरी समजून उतरवून घेतात. म्हणून ज्यांनी ज्यांनी ती तारीख घेतली आहे, त्या प्रत्येकाला मी जनगणनेच्या पानाची प्रत जोडून पत्र लिहिते आहे. काहींनी दुरुस्ती केली, काही उत्तर देत नाहीत.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने त्याच ग्रुपांवर वावरतो आहे असा माझा संशय आहे, कारण मजकूर तोच आहे. पहिल्याच मेसेजात 'आपली पणजीही होम चाइल्ड होती' हे वाक्य, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'प्राथमिक शोध', फोनवर बोलायला नेहमी नकार, आणि मग मॅपलच्या झाडाखालची हिरवळ. तो फोटो मुळात कुठला, हे मी इंटरनेटवर फोटो टाकून शोधून पाहिलं. एका सार्वजनिक बागेचा आहे. तुम्हाला तो आला, तर पैसे पाठवू नका, मेसेज पुसू नका, पडद्याचे फोटो काढून ठेवा आणि लगेच तक्रार करा.