इलेक्ट्रिक ब्लँकेट, दुसरा हिवाळा: तक्रार एका बटणाची आहे, पण ती मोठी आहे

गेल्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. "अगं, पाठ भाजतेय बघ माझी." जाऊन पाहते तर ब्लँकेट चालू, तेही हायवर. थंडी वाजली म्हणून आईंनी उठून ते लोवर लावलं होतं, थोड्या वेळाने बंद करायला गेल्या आणि अंधारात बटण पुढे सरकलं. पाठीला चटका जाणवला म्हणून त्या जाग्या झाल्या. पायाला काहीच जाणवलं नव्हतं. उजव्या पोटरीवर रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. आईंना सतरा वर्षांपासून शुगर आहे, तळपाय बधिर असतात. चट्टा दोन दिवसांत गेला, पण त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून ते बटण जात नाहीये, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

कंट्रोलर साबणाच्या वडीएवढा, काळा. त्यावर सरकवायचं बटण, तेही काळं. एका टोकाला लो, दुसऱ्या टोकाला हाय आणि बंद मधोमध. अक्षरं प्लॅस्टिकमध्येच उठवलेली, काळ्यावर काळी, इंग्रजीत. लोवरून बंद करायला बटण अर्धंच सरकवायचं असतं, किंचित जोर जास्त लागला की ते थेट हायवर. दिवा आहे, पण लो असो की हाय, लाल तो लालच. ही वस्तू सगळ्यात जास्त म्हातारी माणसं वापरतात, तीही अंधारात, चष्मा काढून ठेवल्यावर. बंदची जागा एका टोकाला दिली असती तर काय बिघडलं असतं?

आता पहिल्यापासून सांगते. आम्ही निफाड तालुक्यातले. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते दर हिवाळ्यात पेपरात येतं आणि मुंबईचे नातेवाईक काळजीने फोन करतात. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं. बागेसाठी आपण रात्र रात्र जागतो, पण घरातलं म्हातारं माणूस गोधडीत कुडकुडत असतं, त्याच्याकडे तेवढं लक्ष जात नाही. मीही दिलं नव्हतं. मागच्या वर्षी आईंच्या खोलीत साधं थर्मामीटर टांगलं, तर पहाटे पाच वाजता 14 अंश. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये थंड हवामानाच्या प्रदेशांसाठी घरात किमान 18 अंश असावेत असं सुचवलं आहे. वर स्लॅब, खाली फरशी आणि स्लायडिंगच्या खिडक्या असलेल्या आमच्या खोलीत तेवढी ऊब हीटरशिवाय येणं शक्य नाही.

हीटर होताच, 800 वॅटचा हॅलोजन. रोज तीन तास लावला की 2.4 युनिट, महिन्याला 72. आमचं हिवाळ्यातलं बिल एरवी 85-90 युनिटांचं असतं, ते 160 च्या पुढे गेलं. महावितरणच्या बिलात 100 च्या वरच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट दर लागतो, म्हणजे हीटरची बहुतेक वीज महागातल्या टप्प्यात मोजली गेली. एवढं करून ऊब हीटरसमोर बसेपर्यंतच. वर घसा कोरडा आणि रात्रभर दिव्याचा उजेड.

म्हणून नोव्हेंबरात ऑनलाइन 1,450 रुपयांना सिंगल ब्लँकेट घेतलं, 60 वॅटचं. पहिला आठवडा पैसे वाया गेले असंच वाटलं. आई ते रगासारखं अंगावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "याला काही धग नाही गं." नंतर कळलं की हे अंगाखाली घालायचं आहे. गादीवर ब्लँकेट, त्यावर चादर आणि झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी वर गोधडी पसरून ठेवायची. गोधडीखाली ऊब कोंडली जाते. पहिल्यांदा नीट घातलं त्या रात्री आई अंथरुणात शिरल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "पिंजून आणलेल्या गादीवर ऊन खाल्ल्यासारखं वाटतंय."

रात्री 40 मिनिटं आणि पहाटे उठण्याआधी आईंना खुर्चीत बसवून अंथरूण पुन्हा 30 मिनिटं गरम करायचं. हा रोजचा हिशोब 0.07 युनिट होतो, महिन्याचा दोन-सव्वादोन. 72 कुठे आणि दोन कुठे! मी हा आकडा तीनदा मांडून पाहिला.

जानेवारीत ऐन गारठ्यात ते बंद पडलं. दिवा लागायचा, अंथरूण थंड. कस्टमर केअरचं पहिलं उत्तर आलं की कंट्रोलर वॉरंटीत येत नाही. वॉरंटी कार्डवर असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, फोटो पाठवला. मग व्हिडिओ मागितला. मग सांगितलं, आख्खं ब्लँकेट तुमच्या खर्चाने परराज्यात कुरियर करा. रोज एक मेल आणि एक फोन करून अखेर तेविसाव्या दिवशी बदली ब्लँकेट मिळालं. मधल्या काळात गावातल्या वायरमनला दाखवलं. त्याने डबा उघडला, आतला एक जोड काळा पडला होता. तो म्हणाला, "ताई, दहा मिनिटांत जोडून देतो. पण अंगाखाली घालायची वस्तू आहे, माझ्या भरवशावर आईंना झोपवू नका." त्याने पैसेही घेतले नाहीत. असा माणूस कंपनीच्या फोनवर बसला असता तर!

त्या तेवीस दिवसांत शेकायची रबरी पिशवी होती म्हणून निभावलं. पिशवी दोन तृतीयांश भरायची, उकळतं पाणी टाळायचं, झाकण लावण्याआधी दाबून हवा काढायची, वर जुन्या लुगड्याचा खोळ. आई आडव्या झाल्या की ती मी पायाशी न ठेवता बाहेर काढते. शेजारच्या काकूंनी खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायला सांगितलं होतं. त्यांना हात जोडून नाही म्हटलं. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना धूर, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. कृपा करून हे कुणीही करू नका.

बाकी किरकोळ गोष्टींनीही फरक पडला. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवला, खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावली, पलंगाखाली जुनी सतरंजी घातली. आणि रात्री पायमोजे, कानाला मफलर.

मार्चमध्ये मी या ब्लँकेटला पैकीच्या पैकी गुण दिले असते. शुगर तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पायाला जाणवत नाही त्या माणसाने चालू ब्लँकेटवर झोपायचं नाही. अंथरूण आधी गरम करा, माणूस आडवा झाला की बंद. आम्ही ते पाळतही होतो. पण डॉक्टरांचा सगळा सल्ला त्या बंदच्या बटणावर उभा आहे, आणि तेच बटण असं बनवलंय. बदली आलेल्या ब्लँकेटलाही तेच. चटक्याची घटना कंपनीला कळवली, मेल मिळाल्याचं आपोआप येणारं उत्तर आलं, पुढे काही नाही.

आधी कंट्रोलरवर मधोमध आईंची मखमली टिकली चिकटवली, बोटाला लागावी म्हणून. टिकली लागते, पण बटण तिच्यावरून निसटतंच. शेवटी त्याच वायरमनला बोलावून उशाशी वेगळा बोर्ड काढून घेतला, इंडिकेटर असलेला, 350 रुपयांत. आता कंट्रोलर कायम लोवर, त्याला कुणी हात लावत नाही. झोपताना आई भिंतीवरचं बटण बंद करतात आणि दिवा विझलेला पाहूनच कूस वळतात.

माहेरी बाबांसाठी एक घ्यायचंय. ते आपोआप बंद होणारं मिळालं तरच घेईन, आठशे रुपये जास्त पडले तरी चालतील.